एक दिवसाची १०० पिल्ले, ऐन पावसाळ्यात: पहिला महिना कसा काढायचा?

सड्यावरचा
जागा संगमेश्वरकडची. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, १० बाय १२ ची पडवी. तीन बाजू बंद, एका बाजूला जाळी. जुलैच्या मध्याला एक दिवसाची १०० पिल्ले यायची आहेत, वनराज किंवा गिरिराज या सुधारित जातींपैकी जी मिळतील ती. विजेचा भरवसा नाही आणि हवा कायम ओली.

बेत असा आहे. उबेला १०० वॅटचे दोन बल्ब. चिक गार्डला, म्हणजे पिल्ले आवरणाऱ्या गोल कुंपणाला, १६ फूट लांब, दीड फूट उंच पत्र्याची पट्टी, म्हणजे साधारण ५ फूट व्यासाचा गोल. खाली भाताचं तूस २ इंच, वर वर्तमानपत्र. पाण्याची ३ लिटरची दोन भांडी, खाद्याला अंड्यांचे ट्रे. लस सातव्या आणि चौदाव्या दिवशी.

काय कमी आहे, काय चुकतंय ते सांगा. 'पावसाळ्यात आणूच नका' एवढं सोडून, कारण नोंदणी झाली आहे. 'कुक्कुटपालनातून लाखो' छापाचे व्हिडिओही नकोत.

गोठ्यातला डॉक्टर
सांगाडा बरोबर आहे. तपशिलात बदल सुचवतो.

तूस पावसाळ्यात ३ इंच घाला, आणि त्याच्याखाली जुना फ्लेक्स किंवा ताडपत्री अंथरा. सारवलेल्या जमिनीतून वर येणारी ओल तुम्हाला दिसत नाही, तूस ती शोषतं. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी धरून असते, म्हणून गोल भिंतीपासून दीड-दोन फूट आत घ्या.

बल्ब पिल्ले येण्याच्या २४ तास आधी लावून ठेवा. उन्हाळ्यात चार-सहा तास पुरतात, जुलैत कोकणात नाही. हवा तापायला वेळ लागत नाही, गादी म्हणजे खालचं तूस तापायला लागतो. पिल्लू पायाने आणि पोटाने गारठतं. वर ९५ फॅरनहाइट आणि खाली तूस गार असलं तर थर्मामीटर तुमची फसवणूक करतोय असं समजा.

थर्मामीटर भिंतीवर टांगू नका. बल्बच्या उजेडाच्या कडेला, गादीपासून दोन इंचांवर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. पहिला आठवडा ९५ फॅरनहाइट (३५ सेल्सिअस), पुढे दर आठवड्याला ५ फॅरनहाइट कमी करत ७०-७५ पर्यंत यायचं. बल्ब दर आठवड्याला दोन-तीन इंच वर उचलला की ते आपोआप होतं.

हे आकडे सुरुवातीला धरा, पुढचा निर्णय पिल्लांकडे बघून घ्या. बल्बखाली गठ्ठा करून चिरचिरत असतील तर थंडी आहे. कडेला पळून, चोच उघडी ठेवून, पंख सोडून बसली तर उकाडा. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. गोलभर विखुरलेली, काही खातायत, काही आडवी पसरून झोपलीत, आवाज हलका कुजबुजीसारखा, हे योग्य. आडवं पडलेलं पिल्लू बघून नवखा माणूस घाबरतो. बोट लावलं की ते उठून पळालं पाहिजे, एवढीच अट.

वर्तमानपत्र गुळगुळीत असतं, त्यावर पाय घसरून पिल्ले फाकतात आणि तो दोष पुढे राहतो. चुरगळून मग पसरा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढून टाका.

फेज गेला
दोन बल्बचा निर्णय चांगला, कारण एक उडाला तर दुसरा असतो. पण १०० वॅटचा *तारेचा* बल्ब आहे ना याची खात्री करा. दुकानात आता सर्रास एलईडी देतात, आणि खोक्यावर '१०० वॅटइतका प्रकाश' असं छापलेलं असतं. प्रकाश मिळेल, ऊब शून्य. हिशेब पिल्लामागे २ वॅट, म्हणजे शंभराला २०० वॅट. तारेचे बल्ब मिळाले नाहीत तर २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा एक, आणि तो १८ ते २४ इंच उंचीवर. साधा बल्ब वर पत्र्याचं टोपण घालून १२ ते १८ इंचांवर.

होल्डर चिनीमातीचा घ्या. प्लास्टिकचा दोन-तीन दिवसांत मऊ होतो. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने किंवा बाइंडिंग तारेने आढ्याला बांधा, वायर सैल राहू द्या. तुसात पडलेला बल्ब आधी धुमसतो, मग पेटतो, आणि रात्री तिथे कोणी नसतं.

इन्व्हर्टरबद्दल: १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हातात ९००. त्यात इन्व्हर्टर आपला वाटा खातो. २०० वॅटवर चार तास धरा, त्यापेक्षा जास्त नाही. घरातले पंखे त्याच इन्व्हर्टरवर असतील तर तेवढेही नाहीत. आणि शेतीपंपाच्या फीडरवरून (वीजवाहिनीवरून) पिल्लांचं कनेक्शन घेऊ नका. तिथे थ्री फेज ठरावीक तासच असते. घरगुती जोडणीवरूनच ओढा.

सड्यावरचा
इथे झाड पडलं की वीज दीड-दोन दिवस गेलीच. चार तासांनंतर काय?

कोरडवाहू
कोळशाची शेगडी. विजेच्या आधी सगळे त्यावरच पिल्ले वाढवत होते. एवढी चिंता कशाला?

गोठ्यातला डॉक्टर
शेगडीला विरोध नाही, पण अटी आहेत. कोळसा बाहेर पेटवायचा. धूर संपून निखारे राखाडी झाले की मगच आत आणायचा. शेगडीभोवती जाळी किंवा पत्र्याचं कडं, वर उपडी घमेली किंवा लोखंडी पत्रा, म्हणजे ऊब खाली पसरते. आणि छताजवळची एक फूट फट वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने कायम उघडी. पावसाचे झोत आत येतात म्हणून लोक चहूबाजूंनी प्लास्टिक आवळतात, शेगडी लावतात आणि झोपतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पिल्ले सुस्तावतात, मान टाकतात. सकाळी मेलेली सापडतात आणि दोष लसीला दिला जातो. त्या बंद खोलीत माणूस झोपला असेल तर त्यालाही तोच धोका आहे.

त्याहून सोपा उपाय म्हणजे गरम पाण्याचे कॅन. ५ लिटरचे चार कॅन, उकळत्याच्या जरा अलीकडचं पाणी, प्रत्येक कॅन गोणपाटात गुंडाळून गोलात आडवा. गोलावरही गोणपाट टाका, एक चतुर्थांश उघडं ठेवून. पिल्ले कॅनला चिकटून बसतात. दोन-तीन तासांनी पाणी बदलायचं. चूल पेटती असेल तर कितीही तास निभावतं. पिल्लांच्या अंगाचीही ऊब असते, झाकण घातलं की ती टिकते, म्हणून वीज गेल्यावर पहिलं काम झाकणाचं, शेगडीचं नंतर.

आणखी एक. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज रात्री अर्धा तास मुद्दाम काळोख करा. कायम उजेडात वाढलेली पिल्ले पहिल्यांदा वीज गेली की बिचकून एका जागी चढतात आणि खालची गुदमरतात. काळोखाची सवय असली की जागच्या जागी बसतात.

वाडीतली
तुम्ही सगळे वॅट मोजताय. वाडीत दोन-तीन खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबड्या सहज मिळतील, त्यांचं काय? खुडकीला बिल येत नाही.

वनराज, गिरिराज या जाती स्वतः खुडूक बसत नाहीत, त्यामुळे आई गावठीच हवी. ती किमान दहा-बारा दिवस अंड्यांवर बसलेली असावी. कालपरवा खुडूक झालेली पिल्ले स्वीकारेलच असं नाही. पिल्ले दोन दिवसांच्या आतली, आणि काम रात्री, काळोखात. तिची अंडी एकेक काढायची, एकेक पिल्लू पोटाखाली सरकवायचं. पहाटे उजाडायच्या आत जाऊन बघायचं. ती 'कुक् कुक्' करून बोलावत असेल तर जमलं. चोच मारत असेल तर लगेच काढून घ्यायची. एका कोंबडीला पावसाळ्यात बारा, उन्हाळ्यात पंधरा. जास्त घातली तर कडेची उघडी पडतात.

बसवायच्या आधी तिच्या पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाला उवा बघा. राखेचा ढीग दिला तर ती स्वतः लोळून घेते. गोचिडाचं औषध कोंबडीला मारून लगेच पिल्ले खाली घालू नका.

गोठ्यातला डॉक्टर
ताईंचं म्हणणं बरोबर, एका पुरवणीसह. लस न दिलेली गावठी कोंबडी धडधाकट दिसूनही रोगजंतू बाळगून असू शकते. म्हणून सगळी शंभर पिल्ले कोंबड्यांखाली घालू नका, आणि कोंबडीखालची व बल्बखालची पिल्ले दोन महिने एकत्र करू नका. पाणी-खाद्य देताना आधी बल्बवाली, मग कोंबडीवाली, हा क्रम पाळा. दोन्हीकडे वेगळ्या चपला ठेवल्या तर उत्तम.

बाजारातून आणलेला पक्षी तर त्या पडवीच्या जवळही नको. देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ साली आपल्याच नवापूरला झाली. तेव्हापासून हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, पाळतात मोजके.

वऱ्हाडी ठेचा
धागा कोकणाचा आहे, पण इकडचेही लोक वाचतील म्हणून लिहितो. एप्रिल-मेमध्ये अकोला-अमरावतीकडे दिवसा शेडमध्येच ४० सेल्सिअसच्या वर पारा असते. तेव्हा दिवसा बल्ब लावाल तर पिल्ले भाजून निघतील. बल्ब फक्त रात्री उशिरा ते पहाटे. इकडे पिल्लू गारठ्यानं कमी अन् तहानेनं जास्त मरते. पाय सुकून शिरा दिसतात, अंगाला हात लावला तर कागदासारखं हलकं लागते. पाण्याची भांडी दुप्पट ठेवा, मातीची असली तर पाणी गार राहते. जाळीवर ओलं गोणपाट बांधा, पण पिल्लांवर सरळ वारा नको. खाद्य पहाटे अन् संध्याकाळनंतर. भर दुपारी खाद्य उचलून घ्या, पचवताना अंगात उष्णता वाढते.

सड्यावरचा
पिल्ले खोक्यातून आली की पहिले दोन तास काय करायचं? क्रमाने सांगा.

गोठ्यातला डॉक्टर
खोक्यात २५-२५ चे चार कप्पे असतात. मोजून घ्या, दोन-चार जादा असतात. बेंबी बघा: मिटलेली आणि कोरडी हवी. काळा खपला, ओली बेंबी, फुगलेलं पोट असेल ते पिल्लू वेगळं ठेवा. बेंबीतून जंतू शिरून आतला बलक सडतो, पोट मऊ होतं, वास येतो. असं पिल्लू दोन ते पाच दिवसांत जातं आणि औषधाने फारसं वाचत नाही. असा प्रकार पाच-सहांत दिसला तर तो उबवणी केंद्राच्या स्वच्छतेचा प्रश्न आहे. फोटो काढून त्याच दिवशी कळवा. चांगलं सुधारित पिल्लू ३५ ते ४० ग्रॅम भरतं, पाय चकाकतात.

मरेक्स या विषाणूरोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचतात. दिली का, हे विचारून पावतीवर लिहून घ्या. शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे-खडकी, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), नागपूर, कोल्हापूर इथे आहेत. तिथून घ्या की खासगीकडून, हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचा.

मग पाणी. खाद्य नंतर. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून त्याला बल्बच्या कडेला सोडायचं. शंभर पिल्लांना वीस मिनिटं लागतात, कंटाळा करू नका. पाणी कोमट. लिटरला ५० ग्रॅम गूळ किंवा इलेक्ट्रोलाइटची पूड, फक्त पहिले सहा-आठ तास. त्यानंतर साधं उकळून कोमट केलेलं पाणी. दोन-तीन दिवस गूळपाणी चालू ठेवलं तर हगवण लागते आणि मागचं तोंड चिकटतं. पाण्याच्या थाळीत गोटे टाका, नाहीतर पिल्ले आत बसून भिजतात, आणि जुलैत भिजलेलं पिल्लू म्हणजे गेलेलंच.

दोन-तीन तासांनी खाद्य. पिल्लाच्या पोटात बलक असतो. त्यावर ते ४८ ते ७२ तास काढू शकतं, म्हणून तर लांबचा प्रवास झेपतो. पण लवकर खायला लागलं तर तो बलकही नीट जिरतो. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य.

आठ तासांनी दहा पिल्लांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपा. आठांची तरी भरलेली, मऊ लागली पाहिजे. कडक असेल तर पाणी कमी, रिकामी असेल तर त्यांना खाद्य दिसत नाही किंवा थंडी वाजतेय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची भरलेली हवी. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा, गार लागले तर गादी गार आहे. हे थर्मामीटरपेक्षा जलद कळतं.

कोरडवाहू
आणि दुकानदार पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स देतो तो? सगळे देतात. त्याशिवाय मर थांबत नाही म्हणतात.

गोठ्यातला डॉक्टर
सगळे देतात हे खरं. गरज नसते हेही खरं. गारठ्याने मरणाऱ्या पिल्लाला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि पहिल्या आठवड्यातली बहुतेक मर गारठा, तहान आणि चेंगराचेंगरीची असते. उलट चांगल्या जिवाणूंची वस्ती बसायच्या वेळीच तुम्ही आतडं धुऊन काढता. कोलिस्टिन असलेलं काही दिलं तर घेऊच नका, जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे. दिवसाला दोनहून जास्त मरायला लागली तर मेलेलं ताजं पिल्लू घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. उघडून बघितल्याशिवाय औषध ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

वाडीतली
मागचं तोंड चिकटलेल्या पिल्लाचं सांगा डॉक्टर, लोक खेचून काढतात.

गोठ्यातला डॉक्टर
खेचायचं नाही, आतली त्वचा बाहेर येते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दोन मिनिटं धरून ठेवा, मऊ झालं की पुसा, कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट लावा आणि पूर्ण वाळल्यावरच परत सोडा. जरा पोटाच्या बाजूला असलेली सुकी खपली म्हणजे बेंबी, तिला हात लावू नका. एक-दोन पिल्लांना असेल तर प्रवासाचा ताण. वीस-पंचवीस जणांना एकदम झालं तर आधी तापमान तपासा, जास्त आणि कमी दोन्हीने होतं. चुनखडीसारखी पांढरी हगवण, कण्हणं आणि भराभर मर, असं दिसलं तर साल्मोनेलाचा संशय धरून तपासणी करा.

फेज गेला
पत्र्याचा मुद्दा कोणी काढला नाही. रात्री आत ऊब आणि बाहेर पाऊस असला की पत्र्याला आतून घाम सुटतो आणि थेंब गोलात पडतात. पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून तट्ट्या किंवा ताडपत्री उतार देऊन बांधा. आणि थेंब बल्बवर पडला तर तापलेली काच तडकते, म्हणून टोपण हवंच.

गोठ्यातला डॉक्टर
अगदी. आणि त्यावरूनच या धाग्यातल्या सगळ्यात मोठ्या विषयाकडे येतो: ओली गादी. पहिला आठवडा गारठ्याचा, तिसरा ते सहावा आठवडा रक्ती हगवणीचा. कोकणातल्या पावसाळ्यात हा दुसरा टप्पा जास्त महाग पडतो, कारण तोवर तुमचं खाद्य खर्ची पडलेलं असतं.

रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिया, आतड्यातला सूक्ष्म परजीवी. विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, पण तेव्हा ती बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की दिवस-दोन दिवसांत पिकतात, आणि मग पिल्लाने चोच मारली की आत जातात. ऊब आपण देतोच आहोत, म्हणून आवरण्यासारखी गोष्ट एकच उरते, ओल. तूस मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली. सैल होऊन पडला तर ठीक. धूळ उडाली तर फार कोरडी, श्वासाला त्रास.

सगळ्यात ओली जागा पाण्याच्या भांड्याभोवती. भांडं विटेवर आणि विटेभोवती जाळीची चौकट ठेवा, सांडलेलं पाणी जाळीखाली जातं, पिल्लाचा पाय तिथे पोचत नाही. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, दर तीन-चार दिवसांनी वर घ्या. पहिल्या आठवड्यानंतर तूस रोज सकाळी हाताने किंवा पंजाने उलटं करा. ढेप झालेला भाग उचलून बाहेर, त्या जागी कोरडं तूस. ओलसर जागी मूठभर विरलेला चुना भुरभुरवून मिसळा, पिल्ले बाजूला करून. कोरड्या तुसाची दोन-तीन पोती आधीच घरात, माळ्यावर ठेवा. ऑगस्टमध्ये कोरडं तूस शोधायला निघालात तर मिळणार नाही.

अमोनिया बघायचा तर उभं राहून नाही, उकिडवं बसून नाक पिल्लाच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर प्रमाण केव्हाच वाढलंय.

विष्ठेत ताजं रक्त, पिसं फुलवून डोळे मिटून बसणं, तुरा फिका पडणं, ही लक्षणं दिसताच अ‍ॅम्प्रोलियम पाण्यातून. २० टक्क्यांची पूड असेल तर लिटरला ०.६ ग्रॅम. प्रादुर्भाव जोरात असेल तर डॉक्टर दुप्पट सांगतात. पाच ते सात दिवस, दुसरं पाणी अजिबात न ठेवता. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. हे औषध जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू न देऊनच मारतं, तुम्ही तेच वरून ओतलं तर औषध वाया. दुकानात मात्र दोन्ही बाटल्या हमखास जोडीने देतात.

कोरडवाहू
मग पिल्ले जाळीवरच वाढवली तर? विष्ठा खाली पडेल, विषयच संपला.

गोठ्यातला डॉक्टर
जाळीवर असेपर्यंत संपतो. सहाव्या आठवड्यात परसात सोडलीत की तिथे गाठतो, कारण तोवर अंगात प्रतिकार तयार झालेला नसतो. कोरड्या गादीवर थोडे थोडे जंतू पोटात जात राहतात आणि पिल्लू त्यातून तयार होतं. कायम पिंजऱ्यात ठेवायचं असेल तर जाळी, मोकळं सोडायचं असेल तर गादी.

सड्यावरचा
लसीचं वेळापत्रक तपासाल? शंभर पिल्लांसाठी कुपी केवढी घ्यायची हेही.

गोठ्यातला डॉक्टर
पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेतची) पहिली लस. एका डोळ्यात एक थेंब, पापणी मिटून उघडेपर्यंत पिल्लू हातात धरायचं. चौदाव्या दिवशी गंबोरो या विषाणूरोगाची, डोळ्यात किंवा पाण्यातून. गंबोरोची दुसरी मात्रा २४ ते २८ दिवसांच्या मध्ये, लासोटाची दुसरी चौथ्या आठवड्यात, पण दोन्ही एकाच दिवशी नकोत, चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा. सहाव्या आठवड्यात देवीची लस पंखाच्या पडद्यात. पावसाळ्यानंतर डास वाढतात आणि देवी त्यांच्यामार्फत पसरते, म्हणून ही टाळू नका. सातव्या आठवड्यात जंताचं औषध आणि आठव्यात आर-टू-बी ही मानमोडीचीच लस, पंखाखालच्या कातडीत अर्धा मिली. आर-टू-बी जोरकस आहे, अशक्त किंवा आजारी पिल्लाला आणि आठ आठवड्यांच्या आत देऊ नका.

कुपी १०० मात्रांची मिळाली तर बरंच, नाहीतर २०० ची घ्या आणि उरलेली फेकून द्या. उरलेली लस फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरणं म्हणजे पाणी टोचणं. विरघळवल्यावर दोन तासांत संपली पाहिजे. वाडीत आणखी कोणाची पिल्ले त्याच वयाची असतील तर दिवस एकच ठरवा. लस २ ते ८ सेल्सिअसमध्ये, थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची. मानमोडी आणि देवीच्या लसी पुण्याला औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात, तालुक्याच्या दवाखान्यात मागणी आधी नोंदवा.

पाण्यातून द्यायची असेल तर आधी दीड-दोन तास पाणी काढून घ्या. लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा, मग लस. त्या दिवशी पाण्यात क्लोरीन, पोटॅशियम परमँगनेट काही नको, जिवंत लस मरते. धातूचं भांडं नको. आजारी पिल्लांना लस नको.

वाडीतली
संरक्षणाचं कोणीच बोललं नाही. शंभर पिल्लांची चिवचिव म्हणजे घुशीला, मुंगसाला आमंत्रण. षटकोनी कोंबडीजाळी घुशीला दातांनी तुटते आणि तिच्यातून साप आत येतो. खालच्या तीन फुटांना अर्धा इंची वेल्डची जाळी, आणि ती जमिनीत फूटभर पुरलेली. दाराखालची फट बोटभरापेक्षा जास्त नको. लाल मुंग्यांना राखेची किंवा चुन्याची रेघ, गोलाच्या बाहेरून, रोज नवीन. मेलेलं पिल्लू आणि सांडलेलं खाद्य लगेच उचला, मुंग्या त्यावरच येतात.

वऱ्हाडी ठेचा
खाद्याचं थोडक्यात. महिनाभरात शंभर पिल्ले साधारण ६० किलो खातात, म्हणजे सवा गोणी. एकदम चार गोणी भरू नका, पावसाळ्यात बुरशी धरते, अन् बुरशीच्या मक्याचं विष यकृतात बसते. घरी बनवायचं असल्यास १०० किलोला मका ५५, सोयाबीन पेंड ३२, तांदळाचा कोंडा ९, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) अन् चुनखडी मिळून ३, मीठ ३०० ग्रॅम, बाकी जीवनसत्त्व-खनिज मिश्रण. प्रथिनं २० टक्क्यांवर जातात. मीठ मोजूनच. अन् मोठ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य उरलं म्हणून पिल्लांना घालू नका, त्यात अंड्याच्या टरफलासाठी कॅल्शियम असते, पिल्लांचे मूत्रपिंड निकामी होतात. खाद्याचं भांडं एक तृतीयांशच भरा, काठोकाठ भरलं की निम्मं तुसात जाते.

सड्यावरचा
धन्यवाद. बदल नोंदवले: ३ इंच तूस, खाली फ्लेक्स, पत्र्याखाली तट्ट्या, चार कॅन, चिनीमातीचे होल्डर. शेवटचे दोन प्रश्न. गोल कधी वाढवायचा आणि बाहेर कधी सोडायची?

गोठ्यातला डॉक्टर
तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोल फूटभर मोठा, पट्टीला तुकडा जोडून. मग दर दोन-तीन दिवसांनी. दहा-बारा दिवसांनी चिक गार्ड काढलं तरी खोलीचे कोपरे पुठ्ठ्याने गोल करून घ्या, कारण घाबरली की कोपऱ्यातच चेंगरतात. महिनाभर पिल्लामागे अर्धा चौरस फूट, त्यानंतर एक. तुमची पडवी १२० चौरस फुटांची, म्हणजे आठ आठवड्यांपर्यंत शंभरांना पुरते.

बल्ब उन्हाळ्यात तिसऱ्या आठवड्यात सुटतो, तुमच्याकडे पाचवा धरा, आधी दिवसाचा बंद करा, मग रात्रीचा. बाहेर सोडायचं ते पाठीवर पूर्ण पिसं आल्यावर, सहाव्या आठवड्यानंतर, उघडीप असेल त्या दिवशी. पहिले चार दिवस दुपारी तीननंतर दोन तास, म्हणजे संध्याकाळी भुकेने स्वतःच आत येतात. आत आल्यावरच खाद्य द्यायचं.

वाडीतली
घारीसाठी वर मासेमारीचं जुनं जाळं ताणा, किंवा करवंदीच्या जाळीखालची जागा निवडा. उघड्या सड्यावर सोडलीत तर कोंबडीवाली पिल्ले वाचतात, कारण घार दिसताच आई ओरडते. बल्बवाल्यांना घार म्हणजे काय हे सांगणारं कोणी नसतं. म्हणून खुडकीखालची दहा-बारा पिल्ले आणि त्यांची आई, दोन महिन्यांनंतर, सगळ्या लसी झाल्यावर, त्यांच्यात सोडा. पंधरा दिवसांत बाकीचीही तिच्या आवाजावर लपायला लागतात.

गोठ्यातला डॉक्टर
चालेल, पण त्या आईलाही मानमोडीची लस आणि जंताचं औषध देऊन, निदान तीन आठवडे आधी.